ऑफिसच्या मजल्यावर प्रयोगशाळा बसवताना

महापेच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा गाळा बघायला गेलो होतो. भाड्याने घेणारी मंडळी औषधांच्या चाचण्या करणारी, वयाने तरुण. ब्रोकर मात्र मुरलेला. मी मान वर करून बीम मोजतोय हे बघून तो पुढे आला. "साहेब, काळजीच करू नका. इथे आधी प्रिंटिंग प्रेस होता. हेवी मशिनं. कितीही वजन चालेल."

"प्रेस कुठल्या मजल्यावर होता?"

"खाली. तळमजल्यावर."

तळमजल्याची लादी मुरुमावर टेकलेली असते आणि तिसऱ्या मजल्याचा स्लॅब हवेत असतो, हे त्याला समजावत बसलो नाही. पण त्या तरुण मंडळींना मात्र तासभर समजावलं. त्याच तासाचं हे लिखित रूप, थोडं वाढवून. ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे आणि इकडे ठाण्याची वागळे इस्टेट या पट्ट्यात जुने गाळे आणि आयटीची ऑफिसं मुबलक आहेत. प्रयोगशाळांना जागा हवी असते, तेव्हा त्या याच इमारतींत शिरतात. घोळ होतो तो क्रमामुळे. आधी भाडेकरार, मग इंटिरियर, मग यंत्रांची ऑर्डर आणि छताला तडा दिसला की आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणारा इंजिनिअर). हा क्रम उलटा केला की निम्मा खर्च वाचतो.

यंत्रांची यादी, पण वजनासकट

प्रयोगशाळेकडे यंत्रांची यादी असतेच. त्यात मॉडेल, किंमत आणि वीज किती लागते हे असतं. वजनाचा रकाना नसतो. तो आपण घालायचा आणि त्याच्या शेजारी आणखी पाच: पायांमधलं अंतर, भरल्यावरचं वजन, पाणी लागतं का, छतातून किंवा जमिनीतून भोक लागतं का, आणि हे यंत्र थरथरतं की थरथरीला घाबरतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सेंट्रिफ्यूज, व्हॅक्यूम पंप, कॉम्प्रेसर थरथरतात. सूक्ष्म वजनकाटा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घाबरतात. या दोन गटांना एका बीमवर शेजारी बसवू नये, एवढं यादीतच ठरून जातं.

भरल्यावरचं वजन विसरलं जातं. उणे ऐंशी अंशांचा मोठा डीप फ्रीझर रिकामा साधारण ३०० किलोचा असतो, पण नमुन्यांचे रॅक भरले की तो ४०० च्या घरात जातो. पाण्याच्या टाकीचं गणित तर शाळकरी आहे: एक मीटर उंच पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन. गॅसचा मोठा सिलिंडर भरलेला ६५ किलोच्या आसपास. एकट्याचं काही वाटत नाही. पण दहा सिलिंडर दोन रांगांत उभे केले की ते जेमतेम ०.६ चौरस मीटरमध्ये मावतात आणि तिथे चौरस मीटरला एक टनाहून जास्त भार येतो. सिलिंडर वरच्या मजल्यावर नकोतच, त्यांची जागा बाहेर, जमिनीवर, जाळीच्या शेडमध्ये. तिथून गॅसची नळी वर न्यायची. सुरक्षेचं कारण वेगळं, पण स्लॅबसाठीही तेच बरं.

यादीत आणखी एक गोष्ट लिहा: यंत्र आत येणार कसं? १३ माणसांची लिफ्ट म्हणजे ८८४ किलो, कारण माणशी ६८ किलो धरतात. १,२०० किलोचं यंत्र त्यातून येणार नाही. मग ते क्रेनने खिडकीतून आत घेऊन रोलरवरून ढकलत नेतात. त्या प्रवासात ते ज्या ज्या स्लॅबवरून जातं, त्या प्रत्येक स्लॅबवर तेवढ्या वेळापुरता तो भार असतो. वाट बीमच्या वरून आखा आणि खाली जाड प्लायवूडवर स्टीलची प्लेट टाका.

ड्रॉइंग शोधा

स्लॅब किती वजन घेईल याचं उत्तर ड्रॉइंगच्या उजव्या बाजूच्या बारीक अक्षरांतल्या टिपांत असतं. तिथे 'लाइव्ह लोड' (माणसं, सामान, यंत्रं यांचं वजन) आणि 'फ्लोअर फिनिश' (फरशीचं वजन) या दोन ओळी शोधा. ड्रॉइंग मालकाकडे नसेल तर मूळ आरसीसी कन्सल्टंटकडे विचारा. एमआयडीसीच्या हद्दीत बांधकाम परवानगी एमआयडीसीच देते, म्हणून तिथल्या फाईलमध्ये. पालिकेच्या हद्दीत पालिकेच्या फाईलमध्ये. दोन-तीन खेपा होतील. त्या माराव्यात.

आता आकडे. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात ऑफिसच्या खोलीसाठी, कागदपत्रांची साठवण वेगळीकडे असेल तर, चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन धरतात. साठवण त्याच खोलीत असेल तर ४. शैक्षणिक इमारतींतल्या प्रयोगशाळांना ३. कारखान्यातल्या हलक्या यंत्रांच्या जागेला ५, मध्यमला ७, जडला १०. किलोन्यूटन डोळ्यासमोर येत नसेल तर असं म्हणा: २.५ म्हणजे चौरस फुटाला साधारण २३ किलो, ५ म्हणजे ४६ किलो. त्यामुळे पहिला प्रश्न हा की इमारत ऑफिस म्हणून बांधली की गाळा म्हणून. वागळे किंवा तुर्भ्याचा जुना औद्योगिक गाळा दिसायला कळकट असतो, पण मुळात ५ चा असला तर तुमच्या कामाचा. काचेचं चकाचक ऑफिस बहुधा २.५ चं किंवा ४ चं. मला विचाराल तर रसायनशाळेला मी कळकट गाळा निवडीन आणि रंगाला पैसे देईन.

ड्रॉइंग मिळालंच नाही तर? मग मोजमाप. स्लॅबची जाडी, बीमची रुंदी-खोली, सळयांची जागा आणि व्यास, आणि मग उलटं गणित: एवढ्या सळईत हा स्लॅब किती घेऊ शकेल. यात वेळ जातो आणि फी पण वाढते. अंदाजपंचे आकडा देणारा कन्सल्टंट स्वस्तात मिळतो, त्याच्याकडे जाऊ नका.

कागदावरचं गणित

मजल्याची क्षमता ३ आहे आणि एक फ्रीझर साधारण एक चौरस मीटर जागेत ४ टाकतो, म्हणून नापास, असं होत नाही. फ्रीझरसमोर दार उघडायला मीटरभर मोकळी वाट असते, तिथे फार तर एक माणूस उभा असतो. मोठ्या बीमसाठी सरासरी चालते. पण ज्या स्लॅबच्या तुकड्यावर आणि ज्या छोट्या बीमवर असे चार फ्रीझर रांगेत उभे आहेत, त्यांना सरासरी कळत नाही. त्यांच्यासाठी ती रांग म्हणजे एक भिंतच. म्हणून जड वस्तू कॉलमच्या जवळ, बीमच्या वर, आणि दोन बीमच्या मधोमध हलकी टेबलं. नकाशावर बीम लाल पेन्सिलने काढा आणि यंत्रांचे कागदी तुकडे कापून त्यावर सरकवा. कॉम्प्युटरवरही होतं, पण प्रयोगशाळेच्या मंडळींसोबत टेबलावर बसून केलेलं कागदी सरकवणं जास्त पटतं. त्यांना स्वतःला दिसतं की सेंट्रिफ्यूज इथे का नको.

महापेच्या त्या गाळ्यात सगळ्यांना फ्रीझर काचेच्या दर्शनी भिंतीलगत हवे होते. तिथे स्लॅब शेवटच्या बीमच्या पुढे दीड मीटर बाहेर आलेला होता. बाहेर झुकलेल्या स्लॅबच्या टोकावर जड वस्तू कधीही नाही. त्याची मुख्य सळई वरच्या थरात असते, स्लॅब भरताना मजुरांच्या पायाखाली दबून ती खाली गेलेली असली तर क्षमता कागदापेक्षा बरीच कमी. तिथे मी खुर्च्या आणि कुंड्या ठेवायला सांगितल्या.

भिंतींचा हिशेब वेगळा करा. ऑफिसच्या डिझाइनमध्ये हलक्या पार्टिशनसाठी कमीत कमी १ किलोन्यूटन धरलेला असतो, तो प्लायच्या पार्टिशनला पुरतो. २३० मिमी विटांची ३ मीटर उंच भिंत प्लास्टरसकट धावत्या मीटरला दीड टनाच्या वर जाते. १०० मिमी एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची पावणेचारशे किलोच्या आसपास. क्लीन रूमला वापरतात ते ५० मिमीचे पफ (आत फोम भरलेले) पॅनेल चाळीस किलोच्या आतबाहेर. तुलना पुरेशी बोलकी आहे, तरी इंटिरियरवाले आवाजासाठी विटांची भिंत सुचवतात.

आणि फरशी. जुन्या लादीवर नवी लादी टाकायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ५० मिमीचा सिमेंटचा थर चौरस मीटरला १.२ किलोन्यूटन खातो, म्हणजे ऑफिसच्या २.५ पैकी जवळपास निम्मे. आधी जुनी लादी उचला.

काँक्रीटला ठोकून बघा

ड्रॉइंग जन्मपत्रिका सांगतं. तब्येत इमारतीवर जाऊन बघावी लागते. खाडीची दमट खारी हवा, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पट्ट्यात रासायनिक कारखाने. तुर्भ्याला ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत गेलात तर आधी हातोडीने कॉलम ठोका. खणखणीत वाजला तर बरं. बद्द आवाज आला तर आत पोकळी धरली आहे, सळई गंजून फुगली आहे आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटायच्या बेतात आहे. टॉयलेटच्या खालचा स्लॅब आणि पाइपांच्या डक्टलगतचे कॉलम आधी ठोका, दुखणं तिथून सुरू होतं.

मग यंत्राने करायच्या चाचण्या. रिबाउंड हॅमर फक्त वरच्या पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो आणि जुन्या काँक्रीटमध्ये खोटं समाधान देतो, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरचा थर कडक झालेला असतो. अल्ट्रासॉनिक वेग, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर जायचा वेग, सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर साधारण बरं, ३ च्या खाली असेल तर शंका. दोन्हीवर समाधान नसेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढा, कमीत कमी तीन. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे त्यांच्या ताकदीची सरासरी अपेक्षित घन ताकदीच्या (ठोकळा दाबून मोजलेल्या ताकदीच्या) ८५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको.

माझी आवडती चाचणी मात्र फिनॉल्फ्थॅलिनची. बाटली स्वस्तात येते. कॉलमचा कोपरा छिन्नीने ताजा फोडायचा, धूळ फुंकून टाकायची आणि वर शिंपडायचं. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे गडद गुलाबी रंग चढतो. जिथे हवेने त्याची धार मारली आहे तिथे रंगच येत नाही. तुर्भ्याच्या एका कॉलमवर बाहेरून आत २८ मिमीपर्यंत काहीच रंग आला नाही आणि सळई होती २० मिमीवर. म्हणजे सळई आठ मिलिमीटर आधीच उघडी पडली होती, दिसत नव्हती इतकंच. वरून प्लास्टर छान होतं, रंगही नवा. आम्ही प्रयोगशाळेला दुसरी इमारत बघायला सांगितली.

इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर पालिका हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. मालकाकडे तो अहवाल मागा. 'सुस्थितीत' एवढा शेरा पुरेसा नाही, चाचण्यांचे तक्ते मागा.

सगळं करूनही शंका राहिली तर लोड टेस्ट. आयएस ४५६ मध्ये ती सोपी सांगितली आहे: संपूर्ण स्थिर भार अधिक लाइव्ह लोडच्या सव्वापट भार २४ तास ठेवायचा, मग काढायचा. पुढच्या २४ तासांत स्लॅब जेवढा वाकला होता त्याच्या ७५ टक्के तरी परत यायला हवा. भारासाठी पाणी उत्तम. ३ किलोन्यूटनच्या मजल्याला ३.७५ हवे, म्हणजे प्लास्टिक अंथरून ३७५ मिमी पाणी. फरशी अजून घातलेली नसेल तर तिचं वजनही त्यात मिळवा. खालच्या मजल्यावर जॅक जवळजवळ टेकलेले, पण थोडे सोडून ठेवा. स्लॅब बसलाच तर तो त्यांच्यावर बसेल.

थरथर

ताकद आणि थरथर या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एखादा स्लॅब पाच टन आरामात पेलेल, आणि तरी त्यावरून माणूस चालत गेला की वजनकाट्याचा शेवटचा आकडा नाचत राहील. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या आयटी इमारतींत हे हमखास दिसतं. तिथे कॉलम कमी असावेत म्हणून गाळे, म्हणजे दोन कॉलममधली अंतरं, नऊ-दहा मीटरचे ठेवतात आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड (आतल्या तारा ताणून बांधलेला), पातळ. ऑफिससाठी ते योग्यच आहे, कारण खुर्चीवर बसलेल्या माणसाला ती थरथर कळत नाही.

अंदाजासाठी एक सूत्र बरोबर ठेवा. कायमच्या भाराखाली मजला मधोमध किती मिलिमीटर वाकतो त्याचं वर्गमूळ काढा, १८ ला त्याने भागा, मजल्याची स्वतःची कंपनसंख्या हर्ट्झमध्ये मिळते. ८ मिमी वाकणारा लांब गाळा: ६.४ हर्ट्झ. २ मिमी वाकणारा आखूड गाळा: जवळपास १३. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, आणि त्याच्या पावलांचा जोर २, ४, ६ अशा पटींत स्लॅबला ढकलतो. सहाच्या आसपासचा मजला म्हणूनच प्रत्येक चालणाऱ्यासोबत झुलतो, तेराचा झुलत नाही. आणि गाळ्याची लांबी दीडपट केली की, जाडी तीच ठेवली तर, वाक पाचपट होतो. लांबी चौथ्या घातात जाते.

प्रयोगशाळांच्या जगात थरथरीच्या मर्यादांना व्हीसी (व्हायब्रेशन क्रायटेरिया) नावाने ओळखतात. ऑफिसला सेकंदाला ४०० मायक्रोमीटर चालतात. सूक्ष्म वजनकाटे आणि ४०० पट दाखवणारे साधे मायक्रोस्कोप व्हीसी-ए मध्ये, म्हणजे ५०. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला यंत्राप्रमाणे ६ किंवा ३ सुद्धा मागतात. यंत्र विकणारी कंपनी तिची मर्यादा छापील देते. ती आधी मागवा आणि जागेवर मोजणी करून घ्या. मोजणी कामाच्या दिवशी, पूर्ण २४ तास. ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रेलर रात्री वाढतात, आणि ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल रुळांजवळच्या जागेत कधी जाणवते ते गाडीच्या वेळापत्रकाशी ताडून बघता येतं. शेजारच्या प्लॉटवर खडक फोडायचा ब्रेकर लागणार आहे का, हेही विचारून ठेवा. पारसिकच्या बाजूला काळा दगड वरच आहे, त्यामुळे पाया खणताना महिना-दोन महिने तो वाजतच राहतो.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. वजनकाटा गाळ्याच्या मधोमध नको, कॉलमच्या कुशीत ठेवा. खाली ९०० बाय ६०० बाय ७५ मिमीचा ग्रॅनाइट, तो एकटाच चांगला शंभर किलोच्या वर भरतो, आणि त्याचं टेबल बाकीच्या ओट्यापासून सुटं. चालण्याची मुख्य वाट त्या बीमवरून नको. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असेल तर तळमजला, दुसरा विचार नको.

पण तळमजला म्हणजे सगळं ठणठणीत असंही नाही. खाडीकडच्या भरावाच्या जमिनीत इमारतीचे कॉलम पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) खाली खडकात टेकलेले असतात आणि तळमजल्याची लादी मात्र मुरुमावर, त्याखाली काळा चिखल. इमारत जागेवर, लादी दर वर्षी थोडी खाली. भिंतीच्या कडेला लादी आणि स्कर्टिंग यांच्यात फट दिसली की समजा. मायक्रोस्कोपला मग स्वतःचा वेगळा पाया, पाइलवर. दुसरं पावसाचं. वाशी, बेलापूरची वस्ती भरतीच्या पातळीच्या आसपास असल्यामुळे सिडकोने धारण तलाव केले, भरती असताना पावसाचं पाणी त्यात थांबावं म्हणून. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की रस्त्यावर पाणी किती चढतं ते समोरच्या टपरीवाल्याला विचारा. तो हात लावून दाखवतो.

भोकं

प्रयोगशाळेला भोकं लागतात, हे ऑफिसच्या स्लॅबला माहीतच नसतं. एक दीड मीटर रुंद फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट) घ्या. काच ४५ सेंटीमीटर उघडी आणि हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत ओढायची, म्हणजे तासाला बाराशे घनमीटर. त्याला साधारण २५० मिमी व्यासाचा डक्ट लागतो. दहा हूड म्हणजे असे दहा. ते प्रत्येक मजल्यातून वर नेले तर स्लॅबची चाळण होते. बाहेरच्या भिंतीलगत एक शाफ्ट काढून सगळे तिथून नेणं केव्हाही बरं.

स्लॅबमधून भोक अटळच असेल तर क्रम असा. आधी सळई शोधायच्या यंत्राने किंवा रडारने स्कॅन. सळयांच्या रेघा खडूने स्लॅबवर. भोकाची जागा त्या रेघांच्या मध्ये. इंजिनिअरची सही त्या खडूच्या वर्तुळाशेजारी, तारखेसकट. मग डायमंड कोअर कटिंग. ब्रेकर नाही. बीममधून नाही. बीमच्या वरून जाणाऱ्या सळया कापायच्या नाहीत आणि बीम नसलेल्या सपाट स्लॅबमध्ये कॉलमच्या अगदी शेजारी तर मुळीच नाही, तिथे कॉलम स्लॅबमधून आरपार घुसायचा धोका असतो.

पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये चूक महाग पडते. १२.७ मिमीच्या एका वायरमध्ये तेरा-चौदा टनांचा ताण भरलेला असतो. स्लॅब तसा आहे का, हे ओळखायची खूण: बीम रुंद आणि उथळ, आणि इमारतीच्या बाहेरच्या कडेला स्लॅबच्या जाडीत ओळीने बुजवलेले चौकोनी खळगे. एकदा दुसऱ्या कोणाच्या साइटवर कोअरचा गोळा बाहेर काढलेला बघितला. काँक्रीटच्या गोल वडीच्या कडेला दोन टिकल्या चमकत होत्या, ताज्या कापलेल्या सळईच्या. साध्या सळया होत्या म्हणून निभावलं. कोअरवाला म्हणाला, "मशीन थोडं अडलं, मग जोर लावला." मशीन अडलं की थांबायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

भोकाभोवती ७५ मिमी उंच काँक्रीटचा कठडा करा. नाहीतर सांडलेलं आम्ल भोकातून खालच्या मजल्याच्या छतात जातं, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्लोराइड सळईला समुद्राइतकाच वाईट. फरशीवर इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन), भिंतीवर १०० मिमी गोलाई घेऊन चढवलेला, आणि मग तीन दिवस पाणी साठवून खालच्या मजल्यावर ओल दिसते का बघायचं. ही परीक्षा ओटे बसवण्याआधी. नंतर ती कोणी करू देत नाही.

गच्ची

जागा नाही म्हटलं की सगळं गच्चीवर. स्क्रबर (बाहेर जाणाऱ्या वाफा धुणारं यंत्र), ब्लोअर, चिलर, पाण्याच्या टाक्या. गच्ची रिकामी असते म्हणून ती ताकदवान वाटते. प्रत्यक्षात आयएस ८७५ मध्ये जाता येण्याजोग्या गच्चीला लाइव्ह लोड फक्त १.५ आहे, ऑफिसच्या मजल्याहूनही कमी. त्यातून आपल्याकडे दर गळतीला जुना कोबा न काढता वर नवा कोबा. रबाळ्याच्या एका गच्चीवर तपासायला कोअर घेतला तर विटांचे तुकडे घातलेल्या कोब्याचे तीन थर निघाले, एकावर एक, मिळून २४० मिमी. म्हणजे चौरस मीटरला साडेचार किलोन्यूटनच्या पुढे. डिझाइनमध्ये धरले होते २. यंत्र ठेवायच्या आधीच गच्ची कर्जात होती.

यंत्र गच्चीच्या स्लॅबवर ठेवूच नका. कॉलमच्या डोक्यावरून काँक्रीटचे बुटके खांब वर काढा, त्यावर स्टीलचे आयएसएमबी बीम एका कॉलमपासून दुसऱ्यापर्यंत, आणि यंत्र त्या बीमवर, खाली रबर किंवा स्प्रिंगचे पॅड. वजन सरळ कॉलममध्ये उतरतं, स्लॅबला खबरही लागत नाही, आणि खालून झाडून वॉटरप्रूफिंग दुरुस्त करता येतं. चिमणीला वाऱ्याचा हिशेब लागतो. मुंबई परिसराला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. तीन मीटरची चिमणी चार तारांवर बांधून देणारा फॅब्रिकेटर याला हसतो. हसू दे.

कमी पडलं तर

स्लॅबची क्षमता कमी निघाली तर दुरुस्तीवाले लगेच कार्बन फायबर सुचवतात. ते ताकद वाढवतं, पण ताठरपणा फारसा वाढवत नाही, त्यामुळे थरथरीवर त्याचा उपयोग नगण्य. गंजलेल्या सळईवर ते चिकटवणं म्हणजे गळूवर पट्टी. आगीत चिकटवणारा डिंक आधी जातो, म्हणून वरून संरक्षण लागतं. खालून स्टीलचे बीम लावणं जुनाट वाटतं, पण ताकद आणि ताठरपणा दोन्ही देतं. त्यात एक ग्यानबाची मेख आहे: बीम आणि स्लॅब यांच्यात पाच मिलिमीटरची फट राहिली तर स्लॅब पाच मिलिमीटर वाकेपर्यंत बीम नुसता शोभेला. जॅकने हलकं उचलून, फटीत न आकसणारा ग्राउट (सिमेंटचा पातळ लगदा) भरूनच जॅक काढायचा. छताची उंची ३०० मिमीने जाईल, ती डक्टवाल्याला आधी सांगा.

कॉलमला जॅकेट, म्हणजे बाहेरून काँक्रीटचा नवा थर, घालायचं तर चारी बाजूंनी १०० मिमी तरी हवं, आणि ते पायापर्यंत न्यावं लागतं. एकट्या तिसऱ्या मजल्यावरचा कॉलम जाड करून भार मधेच सोडता येत नाही. या टप्प्यावर खालचे भाडेकरू आणि मालक सामील होतात आणि बहुतेक वेळा दुसरा गाळा शोधणं स्वस्त पडतं.

नवी बांधणार असाल तर

मग सगळंच सोपं. ऑफिस आणि प्रयोगशाळा एकाच छताखाली पण दोन वेगळ्या सांगाड्यांत, मधे जॉइंट. प्रयोगशाळेचे ओटे ३.३ मीटरच्या पट्टीत बसतात, म्हणून कॉलम ६.६ मीटरवर. लाइव्ह लोड ५ धरा, मजल्याची उंची ४.२ मीटर. ऑफिसच्या बाजूला लांब गाळे आणि कमी उंची चालेल. कव्हर खाडीच्या हवेला साजेसं, आयएस ४५६ मध्ये तीव्र वातावरणाला ४५ मिमी आणि एम ३० प्रतीचं काँक्रीट आहे. भूकंपासाठी आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा भाग झोन तीनमध्ये येतो. काम सुरू करताना चालू आवृत्ती तपासून घ्या.

कागद

गाळा एमआयडीसीत असेल तर पोटभाड्याची आणि वापराची परवानगी तिथूनच. अग्निशमनचा दाखला प्रयोगशाळेच्या नव्या वापराप्रमाणे. भाडेकरारात एक कलम टाकून घ्या: मजल्याची क्षमता किती, गच्चीवर काय ठेवायला मुभा, भोकं कुठे पाडायची आणि सोडून जाताना ती कोणी बुजवायची.

महापेच्या मंडळींनी शेवटी तोच गाळा घेतला. ड्रॉइंग एमआयडीसीच्या फाईलमधून निघालं, मजला ४ चा होता. फ्रीझर दोन कॉलममधल्या बीमवर गेले, सिलिंडर खाली अंगणात, वजनकाटे आतल्या कोपऱ्यात. दाराजवळ त्यांनी पाटी लावली आहे: 'या मजल्यावर चौरस मीटरला ४०० किलो. पट्टीबाहेर जड सामान ठेवू नये.' जमिनीवर बीमच्या रेषेत पिवळी पट्टी मारली आहे. भोकांचा नकाशा, स्कॅनचे फोटो आणि चाचण्यांचे तक्ते एका फाईलमध्ये आहेत. एक प्रत मालकाकडे, एक जनरेटरच्या (डीजी) रूममधल्या कपाटात.